ठाऊक नाहीचा डबा

ताई गेली तेव्हा तिची मुलगी सहा वर्षांची होती आणि मुलगा जेमतेम साडेतीन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दौंडला रेल्वे कॉलनीत राहायची. तिला कावीळ झाली. आधी कुणी ती मनावर घेतली नाही, मग सगळ्यांनी एकदम घेतली, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दिवसांबद्दल याहून जास्त माझ्याच्यानं लिहवत नाही. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती. बहीण गेल्यावर आलेल्या दिवसांना सुखाचे म्हणताना जीभ अडखळते, पण खोटं बोलायची मला पहिल्यापासून सवय नाही.

दाजी मालगाडीवर गार्ड होते. ड्यूटीचा कॉल आला की डबा उचलायचा आणि निघायचं. मनमाडकडे की सोलापूरकडे, आणि परत कधी, हे त्यांचं त्यांनाही आधी कळायचं नाही. त्यांच्या घरी म्हातारं माणूस कुणी उरलेलं नव्हतं. शेजारणी चांगल्या होत्या, पण शेजारीण किती दिवस पुरणार? तेरावा झाला आणि मुलं शिरूरला आमच्याकडे आली.

घरात आबा, आई आणि मी. आबा एसटी डेपोत मेकॅनिक होते, नुकतेच रिटायर झालेले. दिवसभर घरात बसून सगळ्यांच्या चुका काढणं हा त्यांचा नवा धंदा. मी डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत बसलेली. वाट बघणाऱ्या माणसाच्या अंगात जो खवचटपणा येतो तो माझ्यात पुरेपूर आलेला होता. अशा घरात ती दोन पोरं येऊन पडली.

जूनमध्ये मुलीचं नाव जवळच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी ती फाटकापाशी ओकली. दुसऱ्या दिवशीही ओकली. आईला वाटलं सकाळचं दूध बाधतंय, म्हणून तिसऱ्या दिवशी उपाशी नेली, तर पोटात काही नसताना ओकली. कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही तिच्या केसांतल्या उवा काढताना सहज बोलता बोलता. ताईला दवाखान्यात हलवलं तेव्हा ही शाळेत होती. घरी आली तर क्वार्टरला कुलूप. शाळेत गेलं की मागं घरातलं माणूस नाहीसं होतं, एवढाच त्या पोरीनं शाळेचा अर्थ लावला होता.

हेडमास्तर आबांच्या ओळखीचे होते. ते म्हणाले, "नाव राहू द्या पटावर. यंदा घरीच शिकवा. परीक्षेला तेवढी आणा."

घरी आल्यावर आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "डी.एड. फुकाट गेलं म्हून बोंब मारत हुतीस न्हवं? घे. दोन पोरं हायती. काढ शाळा."

मी काढली. मागच्या अंगणात शेवग्याखाली गोणपाट टाकलं. आबांनी डेपोतून बसच्या कमानपाट्याचा मोडका तुकडा आणला आणि शेवग्याला टांगला. ती आमची घंटा. एक टोला दिला की अख्खी आळी दचकायची. शेजारची काकू आधी भांडायला आली आणि मग त्याच घंटेवर भाताखालचा गॅस बंद करायला लागली.

पुस्तकं होती, पण पुस्तकांपेक्षा आबांचं भंगार जास्त कामाला आलं. सायकलच्या स्पोकांवर नटाखालचे वायसर ओवून आम्ही बेरीज-वजाबाकीची मण्यांची पाटी केली. पावडरच्या डब्यांची दोन झाकणं, काडी आणि सुतळी यांचा तराजू केला आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचं वजन वायसरात काढलं. आबांची कवळी किती वायसरांची भरते हे त्या काळात आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांना पाठ होतं. जुने पेपर भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून लगदा केला आणि तो पालथ्या मडक्यावर थापून पृथ्वी केली. वाळल्यावर ती फणसासारखी खडबडीत झाली. त्यावर रंग मुलीनं दिला. अर्धी पृथ्वी हिंदुस्थानानं व्यापली, आणि हिंदुस्थानातला अर्धा भाग दौंडनं. मी तो नकाशा सुधारला नाही. डी.एड. कॉलेजात मला नापास केलं असतं त्यांनी.

दाजींना रेस्ट मिळाली की ते दौंडहून एसटीनं यायचे. उतरल्या उतरल्या आबांशी त्यांची जुंपायची. एसटी श्रेष्ठ की रेल्वे, हे भांडण ताईच्या लग्नापासूनचं. आबा म्हणायचे, "जावईबापू, तुमची रेल्वे यवढी शानी, तर तुमास्नी शिरूरला आणून सोडती का?" दाजी हसायचे. ताई गेल्यावर ते तेवढ्यापुरतेच हसायचे. पोरांनी काडेपेट्यांची मालगाडी केली होती. ती बघून ते खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "शेवटाला ब्रेकव्हॅन कुठाय? गार्डाबिगर गाडी हालत न्हाई." मग मागं एक काडेपेटी जोडली. पोरानं तिच्यात शेंगदाणा ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "हे पप्पा." तो शेंगदाणा दर आठवड्याला कुणीतरी खायचं आणि दर आठवड्याला नवा पप्पा भरती व्हायचा.

आता डब्याचं सांगते.

मुलगी हुशार होती पण भित्री. सात आणि आठ किती विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बारा, चौदा, सोळा असे आकडे फेकायची, कुठल्या आकड्याला माझा चेहरा हलतो ते बघत. एक दिवस माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "ठोकून देऊ नकोस. येत नसेल तर ठाऊक नाही म्हण. त्यात काही पाप नाही." आणि तिला पटावं म्हणून तिथल्या तिथं नियम केला. ज्याला जे ठाऊक नाही त्यानं ते मोठ्यानं सांगायचं, घोड नदीच्या पात्रातून आणलेला एक खडा तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, आणि उत्तर शोधायला लागायचं. उत्तर सापडलं की तो खडा काढून सगळ्यांनी मिळून नदीवर जायचं आणि पाण्यात टाकायचा. डब्याचं नाव ठाऊक नाहीचा डबा. नियम आबांनाही लागू, आईलाही लागू.

पोरांना वेड लागलं त्या डब्याचं. कुठला खडा कशाचा हे दोघांनाही तोंडपाठ असायचं. दुपारी सावली कुठं जाते, हा एक चपटा खडा होता. तो अंगणात काठी रोवून, दिवसभर खुणा करून आम्ही सोडवला. नदी कुठून येते, हा एक लाल. त्याचं उत्तर आबांच्या एका जुन्या ड्रायव्हर मित्रानं दिलं. ती वर आंबेगावाकडच्या डोंगरात उगम पावते आणि तिथं आपण एकदा पंक्चर काढलंय, असं. पालीची शेपूट तुटल्यावर का वळवळते, तो खडा पडूनच राहिला. आई म्हणायची, "मला कायबी ठाऊक न्हाई, माझं हंडाभर खडं टाका." आणि हसायची. ताई गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती या डब्यापायी.

एकदा आईची लांबची चुलत बहीण मुक्कामाला आली. बायकांना पोरक्या पोरांना बघून जो उमाळा येतो तो तिला आला. संध्याकाळी तिनं पोराला कडेवर घेतलं, मावळतीच्या बाजूची ठळक चांदणी दाखवली आणि सांगितलं, "ती बघ तुजी आई. चांदनी झाली." दुसऱ्या दिवशी चांदणी शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागं गेली. पोरगं माझ्याकडे आलं. "आई टाकीमागं का गेली?"

मला असा संताप आला त्या बाईचा! मी म्हटलं, "ती चांदणी आहे. आई नाही."

"मग आई कुठाय?"

अंगणात सगळेच होते. आबा सायकल पुसत होते, आई शेंगा निवडत होती. सगळ्यांचे हात थांबले. मी काय सांगणार होते? देवाघरी म्हटलं असतं तर त्यानं देवाघरचा स्टॉप विचारला असता. मी सांगितलं, "मला ठाऊक नाही."

त्यानं मान हलवली. खड्यांच्या ढिगात बराच वेळ निवडानिवड करून मधोमध पांढरा पट्टा असलेला एक काळा खडा काढला आणि डब्यात टाकला. मी त्याला अडवलं नाही.

आई नंतर माझ्यावर खूप चिडली. "काय सांगतीयास त्या लेकराला? त्यापरीस चांदनी काय वाईट हुती?"

"खोटं सांगू?" मी म्हटलं.

मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं तेव्हा. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. ठाऊक नाही म्हटल्यावर शोधायचं असतं, आणि ते पोरगं खरंच शोधायला लागलं. कपाट उघडलं की आत बघायचं. खाटेखाली वाकायचं. आबांबरोबर डेपोत गेलं तर चौकशीच्या खिडकीला हात पुरत नसताना टाचा उंचावून विचारून आलं, "आमची आई कुठल्या गाडीत हाय?" तिथल्या साहेबांनी त्याला गोळी दिली. आबा घरी येऊन सांगताना मधेच उठून पाणी प्यायला गेले.

दुसरं वर्ष लागलं तोवर मुलगी ओकायची थांबली होती. परीक्षेला माझा हात धरून गेली, पेपर लिहून आली, मी फाटकाशी आहे ना हे दर थोड्या वेळानं खिडकीतून बघत. पोरगं अ आ इ गिरवायला लागलं. एकदा मी त्याच्या चड्डीचं बटण लावत होते, तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी सहज विचारलं, "आई, आज नदीवर जायचं?" मी म्हटलं, "मावशी." तो म्हणाला, "मावशे, जायचं?" ती जागा ताईची होती, तिच्यावर बसायचा मला हक्क नव्हता. पण मग मी स्वयंपाकघरात गेले आणि तांब्या तोंडाला लावून बराच वेळ उभी राहिले. तांब्यात पाणी नव्हतं. मला ती पोरं हवी होती. उसनी नको, कायमची हवी होती.

आणि ती कायमची मिळायची वाट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. बायको गेली की धाकटी मेव्हणी करून घ्यायची. आमच्याकडं ही रीत आहे, पोरांना सावत्रपणा नको म्हणून. वर्षश्राद्ध झालं तशी आई सुचवायला लागली. आधी भाकरीच्या परातीकडे बघत, मग माझ्याकडे बघत. दाजी आमच्या घरी जावई म्हणून आले तेव्हा मी सातवीत होते. त्यांनी मला गणितातली रेल्वेची उदाहरणं शिकवली होती. माझा नवरा म्हणून मी त्यांना डोळ्यांपुढं आणायला गेले की ताईच मधे येऊन बसायची. तरी मी पंधरवडाभर विचार केला आणि आईला सांगितलं, "मी तयार आहे." मला दाजी नको होते. मला पोरं हवी होती, आणि पोरांबरोबर दाजी येणार असतील तर येऊ देत.

निरोप गेला. पुढच्या रेस्टला दाजी आले. आबांशी भांडले नाहीत. मागं शेवग्याखाली माझ्या शाळेच्या गोणपाटावर येऊन बसले.

"तू व्हय म्हनलीस म्हनं."

"हो."

"कशापायी?"

"पोरांसाठी."

ते काडेपेट्यांची गाडी पुढंमागं करत राहिले. मग म्हणाले, "मग न्हाई. तू भाकरी थापताना तिच्यावानीच मान तिरकी करतीस. हाक बी तशीच मारतीस. मी घरात यीन तवा कुनाला बघू? आन् तू माझ्या तोंडाकडं बघशील तवा तुला तरी कोन दिसंल? पोरं वाढतील गं. आपुन दोघं मरू."

ते खरं बोलत होते. मला ते तेव्हाही कळलं होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला की मी उठले आणि भर दुपारी काहीही कारण नसताना घंटा बडवली. शेजारच्या काकूचा भात त्या दिवशी कच्चा राहिला असणार.

काही महिन्यांनी त्यांचं लग्न ठरलं. दौंडच्या पलीकडच्या एका गावातली बाई. तिचा पहिला नवरा अपघातात गेलेला, मूलबाळ नाही. चार माणसांत साधं लग्न झालं. पोरांना त्यांनी तेव्हा नेलं नाही. म्हणाले, आधी तिला घरात रुळू दे, मग बघू.

त्या 'मग बघू'वर मी जगत होते. मी मनात सगळा हिशेब मांडला होता. नवी बाई दुसरीची पोरं कशाला मागेल? आणि मागितली तरी ही दोघं आकांत करतील, मला सोडणार नाहीत. दाजींना पोरांचं रडणं सोसत नाही. ते म्हणतील, राहू दे शिरूरलाच. रोज सांजवात लावताना मी देवाला सांगायचे, ती बाई खाष्ट निघू दे. कजाग, आळशी, उलट्या काळजाची निघू दे. एवढ्या मनापासून मी दुसरं काही मागितलं नसेल.

ती आली ती अक्षय्य तृतीयेच्या आधी, दाजींबरोबर, ओटी भरून घ्यायला. आमच्यात दुसरेपणाची बायको पहिलीच्या माहेरची लेक होते. पहिलीची आई तिची ओटी भरते आणि तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बोटाच्या पेराएवढी बाईची आकृती. गेलेली बायको त्यात आली असं समजायचं. नवीनं तो जन्मभर गळ्यात घालायचा, जेवताना पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, म्हणजे मेलेलीचा जीव घुटमळत नाही. आईनं ताईच्या पैंजणांची चांदी आटवून टाक करून घेतला होता. सोनाराकडे मीच गेले होते तिच्याबरोबर. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तो ठोकला.

मी त्या बाईकडे टक लावून खोट शोधत होते. रुंद हाडाची, सावळी, हात कामानं राठ झालेले. खुर्ची दिली तर खाली बसली. आबांच्या पाया पडताना पदर सावरायला विसरली आणि लाजली. एवढीच खोट सापडली मला. मुलगी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. पोरगं माझ्या पाठीमागं. सगळं मी ठरवल्यासारखंच चाललं होतं.

आईनं ओटी भरली. काळ्या दोऱ्यातला टाक तिच्या गळ्यात बांधला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ती बाई तशीच बसून राहिली, टाकावर तळवा ठेवून. पोरगं माझ्या मागून हळूच पुढं आलं.

"ह्ये काय हाय?" त्यानं बोट दाखवलं.

तिला आमचा डबा ठाऊक नव्हता. काळा खडा ठाऊक नव्हता. तिनं जे तिच्या आईनं, सासूनं, गावानं तिला सांगितलं होतं तेच अगदी सरळ सांगितलं. "ही तुजी आई हाय."

"कुठं?"

"ही काय, हितं." तिनं टाक दोन बोटांत धरून त्याच्याकडे केला आणि त्याला दिसावा म्हणून खाली वाकली. "आता माज्यापाशी ऱ्हानार. आदी हिला घास दावायचा, मग म्या जेवायचं."

"कायम ऱ्हानार?"

"म्या मरंस्तवर."

त्यानं टाकाला बोट लावलं. मग वळला आणि मागच्या अंगणात पळाला. डबा पालथा केल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पांढऱ्या पट्ट्याचा काळा खडा होता आणि तोंड असं फुललेलं, की तसं मी ते दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मावशे, सापडली!"

मी तोंड उघडलं होतं. ती चांदी आहे बाळा, पैंजणांची चांदी, सोनारानं माझ्यासमोर ठोकली. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. चांदणीला मी चांदणी म्हटलं होतं, मग चांदीला चांदी म्हणायला मला कुणाची भीती होती? एक वाक्य बोलले असते तर ते पोरगं पुन्हा माझ्या पाठीमागं आलं असतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. ती आठ वर्षांची होती, तिला सगळं कळत होतं. मी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हो का?" मी म्हटलं. "बरं झालं."

"ह्यो नदीत टाक," त्यानं खडा माझ्या हातात दिला. "मला न्हाई जमायचं यायला. मी हिच्यासंगं जानार. आई तिकडं हाय."

तो रडला नाही. ज्या आकांताच्या भरवशावर मी बसले होते तो झालाच नाही. तो जाऊन तिच्या मांडीवर बसला आणि टाक मुठीत धरून ठेवला. ती बाई आधी गोंधळली, मग तिनं त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि तिचे डोळे भरले. दाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मुलीनं माझी ओढणी बराच वेळ सोडली नाही. शेवटी मला म्हणाली, "त्याला रात्रीचं पानी लागतं. तिला ठाऊक न्हाई." आणि आपले कपडे गोळा करायला गेली.

काडेपेट्यांची गाडी त्यांनी नेली. पृथ्वी मोठी होती, पिशवीत मावली नाही.

आम्ही सगळे स्टँडवर गेलो. आबांनी दौंडच्या गाडीला फेरी मारली, सवयीनं प्रत्येक टायरला लाथ घातली आणि मग ड्रायव्हरशी ब्रेकवरून उगाचच कडाकडा भांडले. तो बिचारा म्हणाला, "मामा, गाडी आजच पासिंग होऊन आलीया." आबा म्हणाले, "तुला काय कळतंय? माझी पोरं हायती तीत."

पोरगं आतल्या बाजूला त्या बाईच्या मांडीवर होतं. मुलगी खिडकीशी. तिनं गजातून हात बाहेर काढला. मी तो धरला.

"मावशे, मी डब्यात एक खडा टाकलाय. हिरवा हाय."

"कशाचा गं?"

"आता तू कुनाची? त्याचा."

कंडक्टरनं घंटी मारली. मला तिला सांगता आलं असतं काहीतरी. तुझीच की गं वेडे, असं. आया, मावश्या म्हणतात तसं. पण तिला मीच शिकवलं होतं ठोकून द्यायचं नाही म्हणून. मी म्हटलं, "ठाऊक नाही." तिनं मान हलवली, बरोबर उत्तराला हलवतात तशी. गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला वळेपर्यंत तिचा हात बाहेर दिसत होता.

संध्याकाळी मी एकटी नदीवर गेले आणि तो काळा खडा पाण्यात टाकला. टाकायचा नव्हता मला. पण उत्तर सापडलं की टाकायचा, हा नियम मीच केला होता. नदीला पाणी फार नव्हतं, तो पडला तिथं बराच वेळ दिसत राहिला.

ती बाई चांगली निघाली. देवानं माझं एवढं एक मागणं ऐकलं नाही. तिनं दोघांना पोटच्यासारखं वाढवलं. दर दिवाळीला घेऊन यायची. माझ्या आईला ती 'आई' म्हणायची आणि मला 'ताई', वयानं थोरली असून. पोरगं मोठं झालं, दौंडलाच नोकरीला लागलं. टाक म्हणजे काय हे त्याला कधीतरी आपोआप कळलं असणार, त्यानं मला कधी विचारलं नाही. मुलगी शाळेत जायला लागली, एकदाही ओकली नाही. माझीही ऑर्डर आली. खेड्यापाड्यांत शिकवलं, लग्न झालं, मुलं झाली. संसार चांगला झाला, माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

डबा माझ्याबरोबर प्रत्येक बदलीला आला. माझ्या मुलांनी त्यात त्यांचे खडे टाकले आणि काढले. पालीच्या शेपटीचं उत्तर माझ्या मुलानं कॉम्प्युटरवर शोधलं आणि तो खडाही गेला. मागच्या वेळी भाची तिच्या लेकीला घेऊन आली होती. पोरीनं डबा हलवला, आत एकच खडा वाजला, तिनं तो काढून मला विचारलं, "मावशीआजी, हा हिरवा कशाचा?" भाची दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं.

"ठेव आत," मी म्हटलं. "अजून शोधतेय."